जुन्या ट्रॅक्टरचा गळका रेडिएटर : डाग द्यावा, जाळी बदलावी की नवा बसवावा?



आजचा विषय बी-बियाण्याचा नाही, खताचाही नाही. आज आपण ट्रॅक्टरच्या नाकासमोर बसलेल्या रेडिएटरविषयी बोलणार आहोत. आपल्या भागात पंधरा-वीस वर्षे झालेले, काही तर त्याहून जुने ट्रॅक्टर अजून नांगर ओढतात आणि मळणी यंत्र फिरवतात. इंजिन ठणठणीत असते, गिअर चांगले असतात, पण सकाळी उठून बघावे तर पुढच्या चाकांमध्ये जमिनीवर ओला डाग. "थोडंसं गळतंय, पाणी टाकत राहू" असे म्हणून हंगाम काढला जातो. हा थोडा गळका किती महाग पडतो, तो कुठून होतो हे कसे ओळखायचे, आणि दुरुस्ती करायची की नवा घ्यायचा हे कसे ठरवायचे, ते क्रमाने पाहू.

एक खुलासा आधीच करतो. आयशरच्या जुन्या ट्रॅक्टरांपैकी काहींची इंजिने हवेने थंड होणारी होती. त्यांना रेडिएटरच नसतो, म्हणून त्यांच्या मालकांना आजची माहिती लागू नाही. बाकी पाण्याने थंड होणारे सगळे ट्रॅक्टर यात आले.

रेडिएटर काय काम करतो?

डिझेल जळून जी उष्णता निर्माण होते तिच्यातला काही भागच चाकापर्यंत ताकद म्हणून पोचतो. साधारण पाव ते एक तृतीयांश उष्णता इंजिनाभोवतीच्या पाण्यात जाते. ते गरम पाणी वरच्या रबरी पाइपाने रेडिएटरच्या वरच्या टाकीत येते, जाळीतल्या बारीक नळ्यांतून खाली उतरते, पंख्याच्या वाऱ्याने निवते आणि खालच्या पाइपाने वॉटर पंपाकडे परत जाते. जुन्या रेडिएटरच्या टाक्या व नळ्या पितळेच्या आणि मधल्या पाकळ्या तांब्याच्या असतात. हे सगळे कथील-शिशाच्या डागाने एकत्र जोडलेले असते. नळ्यांचा पत्रा अगदी कागदासारखा पातळ असतो. पातळ आहे म्हणूनच उष्णता पटकन बाहेर जाते, आणि पातळ आहे म्हणूनच तो लवकर झिजतो.

वरचे टोपण हे नुसते झाकण नव्हे. त्यात स्प्रिंगची झडप असते व ती आतला दाब धरून ठेवते. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांच्या टोपणावर ७ पौंड असा आकडा असतो. आपल्या पठारी भागात उघडे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. पण ७ पौंडांचा दाब धरला तर तेच पाणी ११० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. म्हणजे टोपणाचे रबर गेले की रेडिएटर चांगला असूनही पाणी उकळून बाहेर पडणार. आणि आपण म्हणणार, "रेडिएटर गेला!"

थेंबाचा हिशेब

सेकंदाला एक थेंब गळतो असे धरा. तासाला साधारण १८० मिलिलिटर झाले. आठ तासांच्या पाळीत जवळजवळ दीड लिटर. पस्तीस अश्वशक्तीच्या आसपासच्या ट्रॅक्टरात सगळे मिळून साधारण ८ ते १२ लिटर पाणी असते. त्यातले दीड लिटर गेले की वरची टाकी रिकामी पडते. शिवाय हा थंड ट्रॅक्टरचा हिशेब आहे. इंजिन तापून दाब चढला की तेच छिद्र कितीतरी जोरात वाहते. उभ्या ट्रॅक्टरखाली दोन थेंब दिसले म्हणून कामाच्या वेळीही दोनच थेंब जात असतील, असे समजू नये.

आमच्या मंडलातल्या एका शेतकऱ्याची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही, कारण तसे त्यांच्या घरीच नव्हे, घरोघर घडते. खालच्या टाकीच्या जोडातून पाझर होता. रब्बी ज्वारीची पेरणी तोंडावर, दोन दिवसांपूर्वी चांगला पाऊस झालेला, जमीन वाफशावर आलेली. त्यांनी सकाळी पाणी भरले आणि रोटाव्हेटर जोडून निघाले. दुपारपर्यंत काम छान चालले. तापमानाचा काटा मध्येच होता, नंतर तर तो थोडा खाली आला. त्यांना वाटले, इंजिन निवले. खरे कारण वेगळे होते. पाणी इतके खाली गेले होते की काट्याचा खटका पाण्यात न राहता नुसत्या हवेत उघडा पडला होता. पाणीच नाही तर काटा कशाचे तापमान दाखवणार? थोड्या वेळाने इंजिनाचा आवाज जड झाला, ताकद गेली आणि ट्रॅक्टर तासातच बंद पडला. हेड वाकले, गॅस्केट जळले, एक पिस्टन धरला. डागाचे काम अर्ध्या दिवसाचे होते. इंजिनाच्या कामाला बारा दिवस लागले. तोपर्यंत वरची ओल उडून गेली, भाड्याच्या ट्रॅक्टरने उशिरा पेरलेले निम्मे रान विरळ उगवले, आणि ट्रॅक्टरच्या कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच द्यावा लागला.

यातून दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. काटा अचानक खाली आला तर आनंद मानू नका. तेव्हाही ट्रॅक्टर थांबवून बघा. आणि गळका रेडिएटर घेऊन हंगामाच्या कामाला उतरू नका.

आधी हाताची काळजी

गरम रेडिएटरचे टोपण उघडू नये, हे सगळ्यांना माहीत असते, तरी दरवर्षी कोणाचे ना कोणाचे तोंड भाजते. टोपण फिरवले की दाब एकदम सुटतो आणि उकळते पाणी कारंज्यासारखे उडते. इंजिन बंद करून निदान अर्धा तास थांबा. वरच्या रबरी पाइपाला हात लावून बघा. हात ठेवता येत असेल आणि पाइप दाबल्यावर मऊ लागत असेल, तरच जाड फडके टोपणावर टाकून पहिल्या खाचेपर्यंत फिरवा. फुस्स आवाज पूर्ण थांबला की मग काढा. तोंड बाजूला ठेवा आणि पोरांना लांब उभे करा.

दुसरे, तापलेल्या इंजिनात विहिरीचे गार पाणी ओतू नका. बीडाचे हेड तापलेले असताना त्यावर थंड पाणी पडले की तडा जाऊ शकतो. इंजिन निवू द्या आणि मग सावकाश भरा.

तिसरे, पंखा फिरत असताना जवळ वाकू नका. उपरणे, धोतराचा सोगा, साडीचा पदर, सैल बाही यांतले काहीही पंख्यात किंवा पट्ट्यात अडकू शकते.

गळती नेमकी कुठली?

फिटरकडे जाण्याआधी आपण स्वतः अर्धा तास घालवून पाहावे. इंजिन थंड असताना रेडिएटर, पाइप आणि पंप फडक्याने कोरडे पुसा. इंजिन चालू करा, दहा-पंधरा मिनिटे तापू द्या, बंद करा आणि बॅटरी घेऊन निरखून पाहा.

१. रबरी पाइप व क्लिपा. पाइपाच्या टोकाशी ओल आहे का? पाइप फुगला, चिरला किंवा आतून सुटा झाला आहे का? अशी गळती क्लिप आवळून किंवा पाइप बदलून थांबते आणि रेडिएटरला हातही लावावा लागत नाही.

२. टोपण. रबराची चकती कडक झाली, चिरली किंवा स्प्रिंग ढिली पडली तर टोपण बदला. टोपणाची आतली छोटी झडप अडकली तर इंजिन निवताना रबरी पाइप चपटा होऊन आत ओढला जातो. हीही टोपणाचीच खूण आहे. नवे टोपण जुन्यावरच्या आकड्याचेच घ्या. "जास्त दाबाचे घेतले तर जास्त चांगले" असे मुळीच नाही. जुन्या रेडिएटरवर जास्त दाबाचे टोपण बसवले की त्याचे जोडच उकलतात.

३. खालची तोटी. तिचे बूच किंवा वायसर झिजून थेंब पडतात. हे थोडक्या खर्चाचे काम आहे.

४. वॉटर पंप. पंपाच्या पोटाशी एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते. त्यातून पाणी येऊ लागले तर पंपाचे सील गेले असे समजावे. ते भोक लाकडाची खुंटी ठोकून बंद करू नये. तसे केले की पाणी बेअरिंगमध्ये शिरते आणि अख्खा पंप जातो.

५. जाळी आणि टाक्यांचे जोड. तांब्या-पितळेवर हिरवट किंवा पांढरी पुटाची रेघ दिसते तिथे पाणी पाझरून वाळलेले असते. रेघेच्या वरच्या टोकाशी छिद्र शोधा. पाणी खाली ओघळते, म्हणून जिथे थेंब पडतो तिथेच भोक असेल असे नाही.

६. बाहेर कुठेच ओल नाही, तरी पाणी कमी होते. ही खूण गंभीर आहे. थंड इंजिनाचे टोपण काढून चालू करा. रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येतात का, धुराड्यातून इंजिन तापल्यावरही पांढरी वाफ येते का, ऑइलच्या दांडीवर दुधाळ तवंग दिसतो का, ते पाहा. यांपैकी काही दिसले तर हेड गॅस्केट किंवा हेडचा दोष असण्याचा संभव मोठा. तेव्हा नवा रेडिएटर घेऊन पैसे वाया जातील. ट्रॅक्टर चालवणे थांबवून इंजिनाच्या मिस्त्रीला दाखवा.

हळद, साबण आणि इतर उपाय

गळक्या रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. हळद पाण्यात फुगते आणि बारीक छिद्रात जाऊन बसते, म्हणून गळती थांबल्यासारखी वाटते. पण हळदीला छिद्र कुठले आणि नळी कुठली हे कळत नाही. ती चांगल्या नळ्यांतही जाऊन बसते. आधीच क्षाराने अरुंद झालेल्या नळ्या मग पुऱ्या बंद होतात. गळती थांबते आणि ट्रॅक्टर तापू लागतो. बाजारात मिळणाऱ्या गळतीबंद पावडरींचेही थोड्याफार फरकाने असेच आहे. रानातून घरी येण्यापुरता नाइलाजाचा उपाय म्हणून तो करावा. त्यानंतर रेडिएटर धुऊन दुरुस्त करायलाच हवा. हळद टाकून हंगाम काढायचा विचार करू नये.

टाकीच्या जोडावर बाहेरून लावण्याचा दोन गोळ्यांचा लांबीसारखा मसाला मिळतो. तो ओल्या किंवा तेलकट पत्र्यावर धरत नाही. पाणी काढून, जागा खरडून, कोरडी करून लावला आणि घट्ट होऊ दिला तर काही दिवस तग धरतो. एखादी पुढची नळी काडी लागून फुटली असेल तर छिद्राच्या वर व खाली ती पक्कडीने चेपून तात्पुरती बंद करता येते.

असा ट्रॅक्टर घरापर्यंत आणताना टोपण पहिल्या खाचेवर ढिले ठेवावे, म्हणजे दाब चढत नाही आणि गळती कमी राहते. मात्र तेव्हा पाणी लवकर उकळते, म्हणून औजार उचलून, हलक्या गतीने, थांबत थांबत यावे. काम करू नये.

रेडिएटर उतरवणे

हे काम घरी करता येते. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बॅटरीची तार सोडा. तोटीखाली घमेले ठेवून पाणी काढा. कूलंट असेल तर तो झाकणाच्या कॅनमध्ये भरा, कारण त्याविषयी पुढे सांगायचे आहे. बॉनेट व पुढची जाळी काढा. वरचा आणि खालचा रबरी पाइप सोडवा. चिकटला असेल तर स्क्रू-ड्रायव्हरने ओढाताण करू नका, त्याने पितळेचे तोंड वाकते. जुना पाइप कापून टाकलेला परवडतो. पंख्याभोवतीचे पत्र्याचे कडे सोडवा. मग खालचे व बाजूचे बोल्ट काढून रेडिएटर सरळ वर उचला. दोन माणसे लागतात. जाळी पंख्याच्या पात्यावर घासू नये म्हणून मध्ये पुठ्ठा सरकवा. बोल्ट, वायसर आणि खालचे रबरी गादीचे तुकडे एका डब्यात ठेवा. या गाद्या टाकून देऊ नका. त्या नसल्या की ट्रॅक्टरचा सगळा हादरा रेडिएटरला बसतो आणि नवा डागही उकलतो. वारंवार त्याच जोडातून गळत असेल, तर बहुधा गाद्या गेलेल्या किंवा बोल्ट ढिले असतात.

डाग, नवी जाळी की नवा रेडिएटर?

आता मुख्य प्रश्न. उतरवलेला रेडिएटर समोर ठेवून चार परीक्षा घ्या.

पहिली, नखाने पाकळ्या हलकेच खरवडा. त्या मातीसारख्या झडत असतील तर जाळीचे आयुष्य संपले.

दुसरी, खालचे तोंड उघडे ठेवून वरून बादलीभर पाणी भराभर ओता. पाणी सरळ खाली निघून गेले पाहिजे. ते वर तुंबून राहिले तर नळ्या क्षाराने भरल्या आहेत.

तिसरी, वरच्या तोंडातून बॅटरीच्या उजेडात नळ्यांची टोके पाहा. पांढरे किंवा तांबूस खडे दिसतात का?

चौथी परीक्षा रेडिएटर-मिस्त्रीकडे. तो दोन्ही तोंडे बंद करून, टोपणाच्या दाबाइतकी हवा भरून रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवतो. बुडबुडे येतील तितकी छिद्रे. ही परीक्षा आपल्यासमोर करायला सांगा आणि छिद्रे मोजा.

मग असे ठरवावे :

गळती टाकीच्या जोडाला किंवा तोंडाला आहे, जाळी चांगली आहे आणि पाणी सरळ उतरते, तर डाग द्यावा. थोडक्यात काम होते आणि चांगला डाग वर्षानुवर्षे टिकतो.

गळती एक-दोन नळ्यांना आहे, तर त्या नळ्या दोन्ही टोकांना बंद करून डाग देतात. पण बंद नळी म्हणजे तेवढा रेडिएटर कमी. दहातली एक नळी बंद झाली इथपर्यंत ठीक. त्यापुढे उन्हाळी नांगरटीत ट्रॅक्टर तापणार.

छिद्रे अनेक ठिकाणी आहेत, पाकळ्या झडल्या आहेत, पण वरच्या-खालच्या पितळी टाक्या जाड व चांगल्या आहेत, तर त्याच टाक्यांना नवी जाळी बसवून घ्यावी. जुन्या बनावटीच्या ट्रॅक्टरला हा मार्ग विशेष सोयीचा आहे, कारण पाइपाची तोंडे आणि बोल्टची भोके मूळचीच राहतात. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला, पण ते ट्रॅक्टर शेतात आजही दिसतात. अशा ट्रॅक्टरच्या मालकाने चांगल्या टाक्या भंगारात घालण्याची घाई करू नये.

टाक्याही सडल्या आहेत किंवा आधीच तीन-चार वेळा डागलेल्या आहेत, तर नवा रेडिएटर घ्यावा. ॲल्युमिनियमच्या जाळीचा आणि प्लॅस्टिक टाकीचा रेडिएटर असेल तर त्याला कथलाचा डाग धरत नाही. तो बहुधा बदलावाच लागतो.

खर्चाचा हिशेब करताना तिन्हींचे भाव लिहून घ्या. त्यात एक गोष्ट विसरू नका. जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा आहे, त्याला मोड येते. तो वजन करून त्या दिवशीच्या भावाने वजा करून घ्या. जुना रेडिएटर दुकानात तसाच सोडून येणे म्हणजे तांब्याची घागर विसरून येणे. आणि जाळी बदलून घेताना जुनी जाळी परत मागा किंवा तिची मोड वजा करायला सांगा.

डाग कसा असावा?

डाग देणाऱ्याने जागा घासून पितळ चकचकीत केले पाहिजे, त्यावर डागाचे पाणी लावले पाहिजे आणि मग बेताच्या आचेने कथील जोडात ओढून घेतले पाहिजे. वरून थापलेला गोळा म्हणजे डाग नव्हे. कथील-शिशाचा डाग दोनशे अंशांच्या आसपास वितळतो. म्हणून जास्त आच दिली की शेजारचे चांगले जोडही सुटतात. याच कारणाने गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात रेडिएटर नेऊ नका. वेल्डिंगच्या आचेत पातळ नळ्या जळून जातात. डागानंतर ते आम्लाचे पाणी स्वच्छ धुऊन काढायला सांगा. ते राहिले तर पितळ खात राहते. शिशाचा धूर विषारी असतो, म्हणून काम उघड्या जागी व्हावे आणि लहान मुलांनी तिथे थांबू नये.

शेवटी पुन्हा हौदात दाब देऊन दाखवायला सांगा. पावतीवर "किती छिद्रे डागली, किती नळ्या बंद केल्या" हे लिहून घ्या. पुढच्या वेळी डाग की नवा, हे ठरवायला तोच कागद उपयोगी पडतो. आणि वरून ऑइलपेंटचे जाड हात मारू देऊ नका. जाड रंग म्हणजे रेडिएटरला घातलेले घोंगडेच.

नवा घेताना

जुना रेडिएटर सोबत न्या. जाळीची उंची, रुंदी, जाडी आणि नळ्यांच्या रांगा मोजून घ्या. तीन रांगांच्या जागी दोन रांगांचा स्वस्त म्हणून घेतला तर तो बसेल, पण उन्हात टिकणार नाही. दोन्ही पाइपांची तोंडे कोणत्या बाजूला आणि किती व्यासाची, टोपणाची मान कोणत्या मापाची आणि बोल्टची भोके कुठे आहेत, हे दुकानातच जुळवून पाहा. नव्या रेडिएटरबरोबर दोन्ही रबरी पाइप, क्लिपा आणि टोपण नवे घाला. जुना कुजका पाइप नव्या रेडिएटरला जोडू नका.

बसवणे व पाणी भरणे

आधी इंजिनातली घाण धुऊन काढा. खालचे तोंड उघडे ठेवून वरून स्वच्छ पाणी सोडा आणि गढूळ येणे थांबेपर्यंत चालू द्या. नाहीतर इंजिनातला गाळ नव्या जाळीत येऊन बसेल.

थर्मोस्टॅट काढून फेकून देण्याची सवय पुष्कळांना आहे. ते बरोबर नाही. थर्मोस्टॅट नसला की इंजिन बराच वेळ थंड चालते, डिझेल नीट जळत नाही, ऑइल खराब होते आणि लायनर लवकर झिजते. तो चांगला आहे का हे घरी कळते. पातेल्यात पाणी घालून त्यात तो दोरीने लोंबकळत ठेवा आणि पाणी तापवा. त्यावर लिहिलेल्या अंशांच्या आसपास त्याची झडप उघडली पाहिजे. पाणी उकळले तरी उघडली नाही तर नवा घाला.

पंख्याचा पट्टा मधोमध अंगठ्याने दाबल्यास साधारण अर्धा ते पाऊण इंच दबावा. ढिला असेल तर पंखा आणि पंप दोन्ही घसरतात.

पाणी सावकाश भरा, म्हणजे आत हवा अडकत नाही. टोपण न लावता इंजिन मंद चालवा. वरचा पाइप गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. तेव्हा पातळी खाली जाते, ती भरून घ्या. तोंडापासून थोडी जागा ठेवून टोपण लावा. पहिल्या दिवशी हलके काम करा आणि संध्याकाळी पुन्हा पातळी व जोड तपासा.

कोणते पाणी?

आपल्या काळ्या पाषाणातल्या विहिरी आणि बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, ते रेडिएटरमध्ये घालू नये. चहाच्या भांड्याला जसा पांढरा थर बसतो तसाच तो नळ्यांत बसतो, आणि त्या थरातून उष्णता बाहेर जात नाही. पावसाळ्यात स्वच्छ पत्र्यावरचे पाणी पहिल्या एक-दोन सरी सोडून गाळून दोन कॅन भरून ठेवा. ते वर्षभर रेडिएटरला पुरते. नाहीतर बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी घ्या.

कूलंट घालणे चांगलेच. ते नुसते थंडीसाठी असते ही समजूत चुकीची आहे. ते गंज धरू देत नाही आणि उकळण्याचा बिंदूही वाढवते. घट्ट कूलंट असेल तर डब्यावर सांगितल्याप्रमाणे, बहुधा निम्मे-निम्मे, शुद्ध पाण्यात मिसळावे. तयार मिसळलेले असेल तर त्यात पाणी घालू नये. दोन जातींची कूलंट एकत्र करू नयेत.

पण एक कळकळीची सूचना. कूलंट विषारी असते आणि त्याची चव गोडसर असते. गुरे, कुत्री आणि लहान मुले ते चाखू शकतात, आणि थोडक्यानेही जीव जाऊ शकतो. काढलेले कूलंट घमेल्यात उघडे ठेवू नका, हौदाजवळ किंवा ओढ्यात ओतू नका. बाटलीत भरून ठेवायचे असेल तर शीतपेयाच्या बाटलीत कधीही भरू नका.

हंगामाची निगा

मळणी आणि रोटाव्हेटरच्या दिवसांत भुसा व धूळ जाळीत घट्ट बसते. रोज संध्याकाळी पंख्याच्या बाजूकडून पुढच्या बाजूकडे हवा किंवा हलकी पाण्याची धार मारून जाळी साफ करा. जोराची धार किंवा तारेचा ब्रश वापरला तर पाकळ्या वाकतात. समोरच्या जाळीवर पोते किंवा फडके बांधून काम करू नये.

शेतकरी बंधूंनो, रेडिएटरचे काम करायची खरी वेळ पेरणीची नव्हे. उन्हाळी नांगरट सुरू होण्यापूर्वी एकदा आणि पावसाळा संपत आल्यावर रब्बीच्या आधी एकदा, असा वर्षातून दोनदा तो तपासा. रेडिएटर-मिस्त्री तेव्हा मोकळा असतो, तुम्हीही मोकळे असता. वाफसा कोणासाठी थांबत नाही.

हे पत्रक कापून ट्रॅक्टरच्या शेडमध्ये भिंतीला लावा. आणि ट्रॅक्टर तुमचा मुलगा किंवा गडी चालवत असेल, तर त्याला ते एकदा वाचून दाखवा.

लक्षात ठेवा :

• सकाळी इंजिन सुरू करण्याआधी पाणी बघा.
• गरम असताना टोपण उघडू नका, गरम इंजिनात गार पाणी ओतू नका.
• काटा अचानक खाली आला तरी थांबा आणि पाणी बघा.
• आधी क्लिप, पाइप, टोपण, तोटी आणि पंप तपासा. रेडिएटर सगळ्यांत शेवटी.
• हळद घरी येण्यापुरती, हंगामासाठी नाही.
• जोड गळतो तर डाग, जाळी झडते तर नवी जाळी, टाक्या सडल्या तर नवा रेडिएटर.
• जुन्या तांब्या-पितळेची मोड वजा करून घ्या.
• कूलंट मुलांपासून व जनावरांपासून दूर ठेवा.